भिंतीला दगड लावण्याआधी

मंडळी, आता गावोगाव विटांच्या भिंतींना दगडी फरशी लावतात. कोणी शहाबादी लावतो, कोणी तांदूरची, कोणी काळी कडप्पा. भिंत चांगली दिसते. पावसाचे शिंतोडे सोसते. पण फरशीला नुसते सिमेंट धरत नाही. तिला भिंत धरते. भिंत तयार नसेल, तर फरशी आज ना उद्या सुटते.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्या शाळेच्या ओट्यावरील भिंतीला गावाने वर्गणी काढून फरशी लावली. समारंभाचा दिवस जवळ आला होता. गवंडी म्हणाला, "गुरुजी, जुना तेलरंग काढायला पाहिजे. चार दिवस लागतील." आम्ही म्हणालो, "वेळ नाही, रंगावरच लावा." पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी दोन फरशा निखळल्या. मुले रोज जिथे चपला काढत, तिथेच त्या पडल्या. शाळा भरायला अजून अवकाश होता, म्हणून निभावले. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फरशी सुमारे ६ किलो भरते. ती पोराच्या डोक्यावर पडली असती तर? चूक गवंड्याची नव्हती. आमची होती. म्हणून हा धडा.

आता कामे क्रमाने पाहू.

१. भिंत वाजवून पाहा. मडके घेताना आपण ते वाजवून घेतो ना? तसेच हातोडीच्या दांड्याने भिंत ठोका. टणक आवाज आला तर गिलावा घट्ट आहे. पोकळ आवाज आला तर तो सुटला आहे. तेवढा गिलावा विटेपर्यंत काढा. भिंत मातीची असेल, किंवा विटा मातीत रचल्या असतील, तर तिच्यावर जड फरशी लावूच नका.

२. ओल शोधा. प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटवा. एक दिवसाने काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी सुटले असेल, तर भिंतीत ओल आहे. गळके छप्पर, फुटका नळ, पायाशी साचणारे पाणी, यांचा बंदोबस्त आधी करा. भिंत वाळू द्या. पांढरा लोणा आला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत मुरतो.

३. रंग व चुना खरवडा. भिंतीवर पाणी शिंपडा. पाणी भिंतीत जिरले तर ठीक. थेंब ओघळून गेले, तर वर तेलरंग किंवा मळ आहे. तो तारेच्या ब्रशाने व छिन्नीने काढा. वरून कीर्तन, आतून तमाशा, असे काम नको.

४. टाकी लावा. गुळगुळीत जात्यावर दाणा दळत नाही, म्हणून आपण जात्याला टाकी लावतो. गुळगुळीत भिंतीवर सिमेंटही धरत नाही. म्हणून भिंतीला जवळजवळ खाचा पाडा. उघड्या विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडा. मग धूळ झाडा.

५. ओळंबा लावा. भिंत कुठे फुगली, कुठे दबली, ते दिसेल. तेथे आधीच दुरुस्ती करा. फरशीमागे सिमेंटचा जाड थर भरून दोष झाकू नका.

६. खरबरीत थर द्या. भिंत ओली करा, पण पाणी ओघळत नसावे. एक घमेले सिमेंट व तीन घमेली जाड वाळू यांचा माल थापीने भिंतीवर फेकून मारा. तो घासून गुळगुळीत करू नका. सात दिवस पाणी मारा.

मगच फरशी लावा. तिची पाठ धुऊन घ्या. खालच्या ओळीपासून सुरुवात करा. फरशी मोठी असेल, किंवा डोक्याच्या वर लावायची असेल, तर न गंजणाऱ्या धातूचे आकडे भिंतीत बसवून तिला आधार द्या.

ही सगळी कामे फरशीखाली झाकली जातात. पाहुण्याला ती दिसत नाहीत. पण भिंतीखाली आपलीच पोरे बसतात. गवंडी चार दिवस मागेल, तर त्याला चार दिवस द्या.

विचार करा :
१. शाळेच्या भिंतीची फरशी का पडली?
२. भिंतीवर तेलरंग आहे की नाही, हे कसे ओळखाल?
३. तुमच्या घराची एक भिंत वाजवून पाहा. आवाज कसा आला?