पेट्रोल की डिझेल? : दादाच्या गाडीचा हिशोब

मेकॅनिकलला ॲडमिशन झाली की घरात आपल्याला एक पद आपोआप मिळतं, ते म्हणजे गाडीतज्ज्ञ! फर्स्ट इयरला आपल्याला ग्राफिक्सच्या शीट आणि वर्कशॉपमधल्या फायलिंगपलीकडे काही येत नसतं. पण नातेवाईक आणि शेजारी ते ऐकून घेत नाहीत. "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, कोणती घेऊ?"

माझा पहिला बळी आमच्या शेजारचे काका. त्यांचं कापडाचं दुकान आहे, घरापासून तीन किलोमीटरवर. त्यांनी विचारलं आणि मी ऐटीत सांगून टाकलं, "काका, डिझेल घ्या. ॲव्हरेज जास्त, तेल स्वस्त." काकांनी माझ्या शब्दावर बीएस-६ डिझेल घेतली, आणि तीही रोख पैसे देऊन. पाच-सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायला लागला. काकांनी लक्ष दिलं नाही. एक दिवस ऑइलची डिपस्टिक बाहेर काढून मला कौतुकाने दाखवली, "बघ, गाडी ऑइल पीत तर नाहीच, उलट वाढलंय!"

मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे गाडी वर्कशॉपला गेली, बिल आलं आणि मग मी पुस्तक उघडलं. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता झालं काय होतं ते सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी बसवावी लागली. ही गाळणी भरत आली की काजळी जाळून टाकावी लागते. त्यासाठी तिचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं, म्हणून इंजिन थोडं जादा डिझेल उशिरा फवारून एक्झॉस्ट तापवतं. गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगात असेल तर हे काम गुपचूप उरकतं, ड्रायव्हरला कळतही नाही. पण काकांची गाडी दहा मिनिटांत दुकानासमोर बंद! दर वेळी काजळी जाळणं अर्धवट राहायचं, आणि उशिरा फवारलेल्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरायचं. डिपस्टिकवर 'वाढलेलं' ऑइल ते हे! पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणं किती वाईट, ते लुब्रिकेशनचा धडा वाचलेल्यांना सांगायला नको.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे थर्ड इयरला असताना माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा साताऱ्याला राहतो आणि शिरवळच्या एका कंपनीत नोकरी करतो. जायला साठ किलोमीटर, यायला साठ, मध्ये खंबाटकी. दादाला गाडीचं वेड लहानपणापासून. त्याला चार जणांसारखी गाडी नको होती, चालवायला मजा येईल अशी हवी होती. "रोज एकशेवीस किलोमीटर रे. महिन्याला पंचवीस दिवस. म्हणजे वर्षाला छत्तीस हजार! डिझेलच घ्यावी लागणार ना? पण मग पळणार का ती?" शिवाय पाच वर्षांचं कर्ज काढणार होता. काकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी म्हटलं, "दादा, मला आठ दिवस दे."

पहिला प्रश्न 'पळणार का' हा. इथे आपल्याकडचे निम्मे वाद एका शब्दावरून होतात, टॉर्क! कँटीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, "डिझेलला टॉर्क जास्त, म्हणून ती जास्त पळते." यासाठी फोक्सवॅगनच्या पोलो जीटीची जोडी अगदी आदर्श आहे. या गाड्या चाकणला बनायच्या आणि दोन्ही २०१३ मध्ये बाजारात आल्या. (डिझेल २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये इथली पोलोच संपली, तरी अभ्यासाला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.) जीटी टीएसआय पेट्रोल, १.२ लिटर, टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर. जीटी टीडीआय डिझेल, सुरुवातीला १.६ लिटर, पॉवर तीच १०५ पीएस, पण टॉर्क २५०!

गाडी एकच, पॉवर एकच आणि टॉर्कमध्ये ७५ चा फरक. मग डिझेल कितीतरी पुढे जायला हवी ना? आता आपलं नेहमीचं सूत्र घ्या : किलोवॅट = टॉर्क × आरपीएम ÷ ९५४९. १०५ पीएस म्हणजे ७७ किलोवॅट. पेट्रोल ते ५००० आरपीएमला देतं, डिझेल ४४०० ला. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगात पूर्ण ७७ किलोवॅट वापरले, तर ढकलणारं बल म्हणजे पॉवर भागिले वेग, सुमारे ४६०० न्यूटन. दोन्ही गाड्यांना तेवढंच! (गिअरबॉक्समधलं नुकसान सोडून द्या.) कारण क्रँकचा टॉर्क थेट चाकाला जात नाही. मध्ये गिअर आहेत. पेट्रोल इंजिन जास्त फिरतं, म्हणून त्याला जास्त रिडक्शन देता येतं आणि चाकापाशी हिशोब बरोबरीत सुटतो. ब्रोशरमधला टॉर्कचा आकडा गिअर रेशोशिवाय वाचणं म्हणजे नुसतं व्होल्टेज वाचून करंट न विचारण्यासारखं आहे.

तरीही दादाला ट्रायलमध्ये डिझेल 'जोरात' का वाटली? कारण आपण रोज ५००० आरपीएमला गाडी चालवत नाही. २००० आरपीएमला काय मिळतं बघा : डिझेल २५० × २००० ÷ ९५४९ = ५२ किलोवॅट, पेट्रोल ३७ किलोवॅट. म्हणजे गिअर न बदलता नुसता पाय दाबला की डिझेल पाठीत धक्का देते. घाटात, ट्रकमागून ओव्हरटेक करताना ही गोष्ट सोन्यासारखी. पेट्रोलवाल्याला तेवढ्यासाठी एक गिअर खाली यावं लागतं. पण डिझेलची मजा लवकर संपते. ज्वलनाला वेळ लागतो, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जड असतात, त्यामुळे ४४०० च्या पुढे ओढण्यात अर्थ नसतो. शिवाय जास्त दाबासाठी बांधलेलं इंजिन वजनदार, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. वळणात नाक आत यायला आळस करतं. ज्याला गिअर खेळवायला आणि वळणं घ्यायला आवडतं त्याने पेट्रोल बघावं, ज्याला एकाच गिअरमध्ये आरामात लांब पल्ला मारायचा आहे त्याने डिझेल. 'स्पोर्टी' म्हणजे काय, हे आधी ज्याचं त्याने ठरवावं.

आता ॲव्हरेज. वायव्हाला सर विचारतात, "डिझेलची एफिशियन्सी जास्त का?" आपण छाती काढून सांगतो, "सर, कॉम्प्रेशन रेशो जास्त!" मार्क मिळतात, पण उत्तर अर्धंच आहे. करून बघा. ऑटो सायकल, रेशो १०, गॅमा १.४ : ६० टक्के. डिझेल सायकल, रेशो १६, कट-ऑफ रेशो २ : ६१ टक्के. बस, एका टक्क्याचा फरक! मात्र कट-ऑफ रेशो १.३ वर आणला, म्हणजे लोड कमी केला, की डिझेल ६५ वर जाते. मी हे तीन वेळा करून पाहिलं, कारण आधी माझाच विश्वास बसेना.

म्हणजे खरा फरक अर्ध्या लोडला आहे. हायवेला ९० च्या वेगात छोट्या गाडीला हवा आणि टायर यांचा विरोध मोडायला १०-१२ किलोवॅट पुरतात. इंजिन ७७ चं! पेट्रोलला इतकी कमी पॉवर द्यायची तर थ्रॉटल जवळजवळ मिटून हवा अडवावी लागते, कारण हवा-पेट्रोलचं प्रमाण फार बदलून चालत नाही. अडवलेली हवा ओढताना पिस्टनचं काम वाया जातं, तो पंपिंग लॉस. डिझेल हवा पूर्ण घेतं, फक्त तेल कमी फवारतं. रोज हायवेला एका वेगात जाणाऱ्याला डिझेल का परवडतं, त्याचं उत्तर इथे आहे.

शिवाय लिटर-लिटरमध्येही फरक असतो. डिझेलच्या लिटरमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, शुद्ध पेट्रोलमध्ये ३२. इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ३० हून किंचित कमी. म्हणजे पंपावरच डिझेलवाल्याला लिटरमागे वीस टक्के जास्त ऊर्जा मिळते, त्यात इंजिनाची हुशारी काही नाही. आणि टर्बो पेट्रोल जोरात पळवलं की अनेक इंजिनं नॉकिंग टाळायला स्पार्क मागे घेतात, टर्बो थंड ठेवायला मिश्रण श्रीमंत करतात. पाय जड असेल तर पेट्रोलचं ॲव्हरेज डिझेलपेक्षा जास्त वेगाने कोसळतं. दादाचा पाय जड आहे, हे आख्ख्या सातारा जिल्ह्याला माहीत आहे.

उरला पैसा. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ च्या आत होतं, तेव्हा हिशोब करायची गरजच नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि फरक आटला. मी पेट्रोल १०४, डिझेल ९० धरलं. तुमच्या पंपावरचे आकडे तुम्ही घाला. प्रत्यक्षातलं ॲव्हरेज पेट्रोल १४, डिझेल १९ धरलं. पेट्रोलचा किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे खर्च, डिझेलचा ४ रुपये ७४ पैसे. फरक २ रुपये ६९ पैसे. डिझेलची महागडी सर्व्हिसिंग आणि फिल्टर यांचे चाळीस पैसे वजा केले तर हातात उरले साधारण २ रुपये ३० पैसे.

दुसऱ्या पारड्यात गाडीची किंमत. पेट्रोल ११ लाख, डिझेल सव्वाबारा लाख धरू. महाराष्ट्रात डिझेलवर रोड टॅक्सही दोन टक्के जास्त आहे, या किमतीला १२ ऐवजी १४ टक्के. तो फरक जवळपास ४० हजार होतो. त्यावर पाच वर्षं नऊ टक्क्यांनी व्याज, आणखी ४० हजार. एकूण २ लाख ५ हजार रुपये. भागिले २.३० केलं की ८९ हजार किलोमीटर. एवढी गाडी चालल्यावर डिझेलचा पहिला रुपया वाचतो. विकताना डिझेलचे थोडे जास्त पैसे आले तर हा आकडा खाली येईल, पण त्याचा भरवसा मी धरला नाही.

याच तराजूत काकांना बसवलं. त्यांना व्याज नव्हतं, तरी ७१ हजार किलोमीटर हवे होते. त्यांची गाडी वर्षाला पाच हजार चालते. चौदा वर्षं! आणि मी त्यांना 'तेल स्वस्त' म्हणून सांगितलं होतं.

दादाचं मात्र सोपं वाटलं. वर्षाला छत्तीस हजार म्हणजे अडीच वर्षांत पैसे वसूल, आणि सलग साठ किलोमीटरच्या हायवेमुळे डीपीएफची चिंताही नाही. फोन करून 'डिझेल घे' सांगणारच होतो, तेवढ्यात काकांची आठवण झाली आणि सहज विचारलं, "आत्ताची गाडी घेऊन किती वर्षं झाली?"

"चार."

"जरा खाली जाऊन ओडोमीटर बघून ये."

दादा दोन मिनिटांनी आला. आवाज उतरला होता. "अठ्ठ्याहत्तर हजार."

म्हणजे वर्षाला साडेएकोणीस हजार, जवळजवळ निम्मे! मग हळूहळू बाहेर आलं. आठवड्यातले दोन-तीन दिवस कंपनीची बस, पावसाळ्यात तर बसच, मग सुट्ट्या. खोटं तो बोलला नव्हता. एका दिवसाला पंचवीसने आणि बाराने गुणलं की असंच होतं. आता पाच वर्षांत ९७ हजार किलोमीटर, म्हणजे डिझेलमधून वाचणार जेमतेम २० हजार रुपये. वर्षाला चार हजार. त्यात एक सेन्सर गेला की तेही गेले.

दादाला म्हटलं, "पैशाने उत्तर दिलेलं नाही, आता तुला काय आवडतं ते घे." त्याने दोन्ही गाड्या पुन्हा एकदा चालवल्या, या वेळी शोरूमच्या भोवती चक्कर न मारता थेट घाटाकडे नेऊन. आणि पेट्रोल घेतली. मावशी माझ्यावर महिनाभर नाराज होती, तिच्या मते डिझेलच 'टिकाऊ'. काकांकडेही मी गेलो. ते आता दर रविवारी गाडी हायवेला अर्धा तास सलग चालवून आणतात, काकूंना तेवढंच फिरणं होतं. पिवळा दिवा परत लागलेला नाही.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन. "अरे, तू चौदाचं ॲव्हरेज धरलं होतंस. माझी बाराच देतेय. काही बिघडलंय का?"

मी विचारलं, "गिअर कितीला बदलतोस?"

"साडेपाच हजाराला. का?"