बडबडगीतांचा एक जुना बाहुलीपट

पहिलीच्या वर्गात इंग्रजी बडबडगीत घुमू लागले म्हणजे शिक्षकास समाधान वाटते. परंतु मुलांच्या मुखी असतो तो पुष्कळदा केवळ नाद. नाद हे बडबडगीताचे निम्मे अंग होय, त्यास कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आल्यामुळे गीताच्या उरलेल्या अंगाचा, म्हणजे त्यातील चित्राचा, विचार शिक्षकास करणे प्राप्त आहे. या कामी १९४६ मध्ये अमेरिकेत तयार झालेला ‘मदर गूज स्टोरीज’ हा दहा-अकरा मिनिटांचा बाहुलीपट अभ्यासण्याजोगा आहे.

त्याचे कर्ते रे हॅरीहाउझेन (१९२०–२०१३) हे पुढे प्रचंड प्राण्यांच्या चित्रपटांमुळे विख्यात झाले. महायुद्ध संपल्यावर सैन्याने टाकून दिलेली १६ मिलिमीटरची रंगीत फिल्म त्यांच्या हाती आली आणि त्या टाकाऊ मालातून हा पट उभा राहिला. बाहुल्यांचे कपडे आईने शिवले. आतील धातूचे सांधे वडिलांनी यंत्रावर घडविले. बाहुली केसभर हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाची, अशी ही रीत. सेकंदास २४ चित्रे धरली तर एका मिनिटास १,४४० चित्रे लागतात. हा पट अमेरिकेतील शाळांतून दाखविला जात असे.

‘मदर गूज’ ही कोणी खरी स्त्री नव्हे. १६९७ च्या फ्रेंच परीकथासंग्रहाशी निगडित असलेले हे नाव पुढे इंग्रजी बालगीतांच्या संग्रहांस मिळाले. पटात हीच आजीबाई चार गीते सादर करते : मिस मफेट, मदर हबर्ड, बदामराणी आणि हम्प्टी डम्प्टी.

मिस मफेटच्या गीतात मुलगी जे खात बसते त्याचा अर्थ आपण ‘दही’ असा सांगून मोकळे होतो. वास्तविक तो पदार्थ विरजलेल्या दह्यापेक्षा नासलेल्या दुधाचा चोथा व पाणी यास अधिक जवळचा. ती बसते ते बुटके आसन की गवताचा उंचवटा, याविषयी इंग्रजांतही एकमत नाही. अशा शब्दांवर तास खर्ची घालण्यात हशील नाही. खाणे, कोळी, भीती, पळ ही घटनांची साखळी मुलास दिसली की गीत त्याचे झाले; आणि ती साखळी बाहुलीच्या हालचालींतून चटकन दिसते.

हम्प्टी डम्प्टीचे मात्र निराळे आहे. त्या गीतात अंड्याचा उल्लेखच नाही! मुळात तो एक उखाणा आहे. भिंतीवर बसलेला कोण असा पडला, की राजाच्या घोड्यांना व माणसांनाही तो सांधता आला नाही? उत्तर ‘अंडे’. चित्र काढणाऱ्याने अंडे रंगविले की उखाणा तेथेच संपतो. पुस्तकांनी तो केव्हाच संपविला आहे आणि या मोहक पटानेही तेच केले आहे. पडद्यावरील बाहुली इतकी गोड असते की मुलाला स्वतःचे चित्र कल्पिण्याची गरजच उरत नाही. आजीचे उखाणे ऐकून वाढलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत ही हानी थोडी नव्हे.

म्हणून शिक्षकांनी क्रम उलटा ठेवावा. पुस्तक मिटून प्रथम गीताचा आशय मराठीत उखाणा म्हणून घालावा. मडके, आरसा, पाण्याचा बुडबुडा, जी उत्तरे येतील ती फळ्यावर लिहावीत. ‘मडके’ हे उत्तर चुकीचे म्हणून खोडू नये; सांधता न येण्याची अट तेही पुरी करते. मग इंग्रजी गीत म्हणवून घ्यावे. पट त्यानंतर, आणि पहिल्या खेपेस आवाज बंद ठेवून दाखवावा. मुले पाहता पाहता आपण होऊन गीत म्हणू लागतील.

शाळेत पडदा वा संच नसल्यास अडू नये. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांना कोळी आणि मुलगी करणे अवघड नाही. भ्रमणध्वनी विटेवर स्थिर टेकवावा. एका मुलाने कोळी तसूच्या अंशाने पुढे सरकवावा, दुसऱ्याने छायाचित्र घ्यावे, इतरांनी मोजावे. सेकंदास १२ प्रमाणे २४ छायाचित्रांत दोन सेकंदांची हालचाल होते. छायाचित्र घेताना हात मागे घेतला आहे ना, एवढे पाहण्यासाठी मात्र एक मूल स्वतंत्र नेमावे.