पाठीच्या कण्याची दुखापत आणि त्यानंतरचे आरोग्य

आंबे उतरविताना अथवा माडा-पोफळीवरून पडणे, हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कण्याच्या दुखापतीचे परिचित कारण होय. "पुन्हा चालता येईल ना?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो.

त्याचे उत्तर मज्जारज्जूला इजा कोठे व किती झाली यावर अवलंबून असते. मानेत झाल्यास हातपाय, आणि फार वर झाल्यास श्वासही बाधित होतो. छातीच्या खालच्या भागात वा कमरेत झाल्यास हात शाबूत राहतात. गुदद्वारापाशी थोडी जरी संवेदना उरली असेल तरी इजा अपूर्ण मानतात व सुधारणेची आशा अधिक असते. म्हणूनच ही संकोचाची तपासणी डॉक्टर आवर्जून करतात.

सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या मते खरा जमाखर्च रुग्ण घरी गेल्यावर सुरू होतो. बधिर त्वचेला जखम कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढणे यांत खंड पडला, की शय्याव्रण होतात, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि पुष्कळदा तेच जिवावर बेतते. शस्त्रक्रियेकरिता देणगी सहज मिळते. हवेच्या गादीकरिता मात्र मागावी लागते.

झाडावरून पडलेल्यास झोळीत वा पाठुंगळी आणू नये. मान-पाठ न वाकविता, चौघांनी एकदम उचलून, फळीवर निजवून आणावे.