थामुगादी येथील दुभंगलेली मंडळी

उत्तर आफ्रिकेत, अल्जीरिया देशात, ओरेस डोंगराच्या उत्तरेस टिमगाड नावाचे ओसाड नगर आहे. त्याचे प्राचीन नाव थामुगादी. इ. स. १०० मध्ये रोमी बादशहा ट्रेजन याने सेवानिवृत्त शिपायांसाठी ते बर्बर लोकांच्या मुलखात वसविले. तेथील सरळ रस्ते, नाटकगृह व ग्रंथालय यांचे अवशेष अद्याप दिसतात.

येथे ख्रिस्ती मंडळी लवकरच उभी राहिली. इ. स. २५६ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या ८७ बिशपांच्या सभेत थामुगादीचा बिशप नोवातस हजर होता. पुढे इ. स. ३०३ मध्ये बादशहा डायोक्लेशन याने छळ आरंभिला व पवित्र शास्त्राच्या प्रती हवाली करण्याचा हुकूम सोडला. कित्येक पाळकांनी भिऊन त्या दिल्या. छळ थांबल्यावर प्रश्न निघाला की, अशांच्या हातचा संस्कार खरा मानावा काय? मानू नये, असे म्हणणारा पक्ष डोनेटस या पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मग पुष्कळ नगरांत दोन मंडळ्या व दोन बिशप झाले.

थामुगादी हे डोनेटसपक्षाचे बळकट ठाणे होते. तेथील बिशप ऑप्टेटस याने बंडखोर सरदार गिल्डो याचा पक्ष धरला. इ. स. ३९८ मध्ये बंड मोडले आणि ऑप्टेटस तुरुंगात मेला. इ. स. ४११ च्या कार्थेज येथील वादसभेचा निकालही त्या पक्षाच्या विरुद्ध लागला. पुढे सरकारी अंमलदार मंदिरे घेऊ लागले, तेव्हा थामुगादीचा बिशप गॉडेन्शियस याने मंडळीसह मंदिरात जळून मरण्याची धमकी दिली.

हिप्पोचे बिशप ऑगस्टीन निदणाच्या दाखल्यावरून शिकवीत की, कापणीपर्यंत गहू व निदण एकत्र वाढणारच; निवड करणे धन्याचे काम आहे. हे शिक्षण खरे आहे. तथापि सरकारी सक्तीला त्यांनीही संमती दिली, हे आम्हांस लपविता येत नाही. शुद्धतेचा अभिमान धरणाऱ्यांनी बंडखोराचा आश्रय केला, आणि ऐक्य इच्छिणाऱ्यांनी बादशहाचा.

इ. स. ५३९ मध्ये बायझंटाइन सैन्य तेथे आले, त्यापूर्वीच डोंगरी टोळ्यांनी नगर उजाड केले होते. सैन्याने तेथीलच दगडांनी किल्ला बांधला. आज कॅथोलिक मंडळीत थामुगादीचे बिशपपद केवळ नावाला आहे. त्या बिशपाला तेथे कळप नाही.

उपदेशकबंधूंनो, भीतीने मागे हटलेला मनुष्य पश्चात्ताप करून आपल्या दाराशी परत येतो. त्याला आत कसे घ्यावे, याचा विचार मंडळीने प्रार्थनापूर्वक आधीच करून ठेवावा, असे आम्हांस वाटते. तो दाराशी उभा असता वाद घालीत बसू नये.