एक्सेलमध्ये उत्तर नको, सूत्र लिहा



मागच्या वर्षी चौथीचा निकाल मी एक्सेलमध्ये केला. एका मुलीला गणितात आकारिकचे ५२ आणि संकलितचे २८ गुण होते, म्हणून एकूणमध्ये मी ८० टाइप केले. नंतर पेपर पुन्हा पाहताना ३ गुण द्यायचे राहिल्याचे लक्षात आले. २८ चे ३१ केले, पण ८० तसेच राहिले. पालकसभेत ती मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मॅडम, ५२ आणि ३१ तर ८३ होतात ना?"

८० ला ब-१ श्रेणी, ८३ ला अ-२. माझ्या चुकीमुळे तिची श्रेणी खाली आली होती. तिथेच दुरुस्ती केली, पण मनाला लागलं.

चूक बेरजेची नव्हती. मी एक्सेल वहीसारखं वापरत होते, तोंडी बेरीज करून उत्तर लिहीत होते. लिहिलेलं उत्तर आपोआप बदलत नाही, सूत्राचं बदलतं. म्हणून आता मी असं करते.

समजा बी स्तंभात नाव, सीमध्ये आकारिक (६० पैकी), डीमध्ये संकलित (४० पैकी) आणि ईमध्ये एकूण आहे. सी स्तंभ आणि २ री ओळ जिथे मिळतात तो सेल म्हणजे सी२.

१) ई२ वर क्लिक करा.
२) आधी = हे चिन्ह द्या. ते नसेल तर एक्सेल सूत्राला साधा मजकूर समजतं.
३) =सी२+डी२ लिहून एंटर दाबा. (टाइप करताना अक्षरे आणि आकडे इंग्रजीच घ्या.)
४) ई२ च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढा. पुढच्या ओळींत =सी३+डी३, =सी४+डी४ असं आपोआप होतं.

=५२+३१ लिहिलं तरी उत्तर ८३ च येईल, पण गुण बदलले तर ते बदलणार नाही. म्हणून सूत्रात आकडा नको, सेलचं नाव द्या.

वजाबाकीला -, गुणाकाराला * आणि भागाकाराला / वापरा. संकलितची टक्केवारी हवी असेल तर =डी२/४०*१००. डी२ मध्ये ३१ असतील तर उत्तर ७७.५ येईल.

दोन ठिकाणी हमखास फसायला होतं.

पहिलं, कंस. प्रथम सत्रात ७८ आणि द्वितीय सत्रात ८६ असतील तर सरासरी ८२. पण =जी२+एच२/२ लिहिलं तर १२१ येतात, १०० पैकी! कारण आपण मुलांना शिकवतो तेच, कंचेभागुबेव. भागाकार आधी होतो. बरोबर सूत्र =(जी२+एच२)/२.

दुसरं, गैरहजर मूल. गुणांच्या जागी "गैरहजर" लिहिलं की + चं सूत्र चूक दाखवतं. =सम(सी२:डी२) मात्र तो शब्द सोडून उरलेल्यांची बेरीज करून मोकळं होतं. चूक दिसली तर आपण थांबतो. समच्या उत्तरात काही राहिलंय हे कळतही नाही. म्हणून अशा ओळी वेगळ्या रंगात ठेवा.

सगळं झाल्यावर दोन-तीन ओळींची बेरीज तोंडी करून बघा. मग एक गुण मुद्दाम बदला. एकूण बदललं नाही, तर तिथे सूत्र नाही, टाइप केलेला आकडा आहे. तपासून झालं की मूळ गुण परत लिहायला विसरू नका.

पालकहो, घरी किराणा यादी करा: वस्तू, नग, दर, रक्कम. रकमेत नग गुणिले दराचं सूत्र द्या. मुलाला आधी अंदाज सांगायला लावा, मग एक दर बदलून काय होतं ते पाहू द्या. गणित संगणकाने केलं तरी "हे बरोबर आहे का?" हा प्रश्न मुलानेच विचारायला हवा. त्या मुलीने विचारला, म्हणून माझी चूक सापडली.