भोरडी : ज्वारीवरील पाहुणी

हिंगोली भागात रब्बी ज्वारी हुरड्यात येताच जिचे थवे शिवारात उतरतात, ती भोरडी साळुंकीच्याच कुळातील होय. लिनियसने १७५८ मध्ये तिची गणना कस्तुर पक्ष्यांत केली होती. अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी. पिले मात्र मातकट दिसतात, म्हणून ती निराळी जात समजू नये. पळसफुलांतील मध पिते, यास्तव पळसमैना हेही नाव.

तिची वीण भारतात होत नाही. पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात ती घरटी करते व टोळांचा फडशा पाडते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात याकरिता तिला मुद्दाम दगडी घरटी रचून देतात. आपल्याकडेही ती किडे खाते. तेव्हा विष न घालता, दाणे भरल्यापासून सकाळ-संध्याकाळ माळ्यावरून राखण करावी.