चहा निम्म्यावर आण

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळू,

सिगारेट सोडलीस हे तुझ्या आईकडून कळलं, फार बरं वाटलं. पण डोकं दुखतं, झोप उडाली, छातीत धडधडतं आणि आधी नव्हता एवढा खोकला लागलाय, म्हणून तू हवालदिल झाला आहेस. ‘सोडली आणि आजारी पडलो’ असं म्हणालास म्हणे. बाळू, हा आजार नव्हे.

निकोटीन दोन-तीन दिवसांत अंगातून जातं, मेंदूची सवय मात्र इतक्यात सुटत नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. पुढे तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस धुरानं निपचित पडलेले असतात. ते पुन्हा हलायला लागले की साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून खोकला. कोमट पाणी पीत राहा. रक्त पडलं, ताप आला किंवा महिन्यानंतरही खोकला राहिला तर डॉक्टरांना दाखव. छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नकोस.

धडधडीचं आणि झोपेचं मला वेगळं वाटतं. तू ऑफिसखालच्या अमृततुल्यात दिवसाला पाच-सहा चहा घेतोस ना? सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा फडशा लवकर पाडतं. धूर थांबला की तेच कॅफिन रक्तात बराच जास्त वेळ रेंगाळतं. चहा तेवढाच, पण अंगाला जवळजवळ दुप्पट लागतो! हे फारसं कुणी सांगत नाही. आजपासून चहा निम्म्यावर आण, दुपारनंतर घेऊच नकोस. शिवाय तुझी प्रत्येक सिगारेट चहाच्या ग्लासाबरोबरच पेटायची. त्या वेळी ताक घे, तेही टपरीपासून लांब.

सिगारेट सोडल्यावर पोट साफ होत नसेल तर रात्री इसबगोल घे. भूक वाढेल, वजनही थोडं वाढेल. त्याची धास्ती नको.

तलफ पाचेक मिनिटांत उतरते. तेवढ्यात जिने चढून ये. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती मिळतेच, आणि ‘एकच’ म्हणून घेतलेली तीच घात करते. अगदीच आवरेना तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचं गम घे. ते सतत चघळायचं नसतं. थोडं चावून झोंबायला लागलं की गालात धरून ठेवायचं.

पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे. तिथले समुपदेशक मराठीतही बोलतात. आजच फोन कर, आणि रात्री मलाही कर.

तुझा,
मामा